फिल्टरचा डबा गारच होता

बुलेट वडिलांची, 1978 ची. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात. गेल्या वर्षी तिचं बोअर केलं, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेतला, पिस्टन नवा टाकला, क्रँक उघडून बिगएंडही, म्हणजे कनेक्टिंग रॉडचा क्रँकवर फिरणारा खालचा सांधाही नवा केला. एवढे पैसे घातल्यावर माणूस भित्रा होतो. इंजिन जपायचं कसं याचे व्हिडिओ रात्र-रात्र बघायचो, आणि त्यातूनच पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यापर्यंत पोचलो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. पण त्यानं जे केलं ते आणखी कुणाच्या गाडीला होऊ नये म्हणून हे लिहितोय.

पंचाईत अशी की त्याचं बोलणं बरंचसं खरं होतं. जुन्या बुलेटला तेलाची वेगळी टाकी नसते. क्रँककेसमधल्याच एका कप्प्यात साधारण सव्वादोन लिटर तेल असतं. टायमिंग कव्हरमधले, म्हणजे इंजिनच्या उजव्या बाजूच्या झाकणातले दोन पंप ते फिरवतात. एक बिगएंडकडे ढकलतो, दुसरा खाली साचलेलं उचलून वर रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांकडे पाठवतो. बिगएंडच्या वाटेवर त्याच कव्हरमध्ये फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा फिल्टर बसतो. आजच्या कागदी फिल्टरइतकं बारीक तो गाळत नाही. त्यात नवं बोअर म्हटलं की सुरुवातीच्या किलोमीटरांत धातूची कणी तेलात उतरणारच. हे सगळं त्यानं मला टायमिंग कव्हर हातात घेऊन समजावलं. मग म्हणाला, "दादा, छोट्या कारला असतो तसा बाहेरचा डबा-फिल्टर लावू. इंजिन जन्माचं सुटेल."

साडेअकरा हजार. पक्कं बिल मागितलं तर "मग जीएसटी वेगळा पडेल." मी गप्प बसलो.

गाडी आणायला गेलो तेव्हा टायमिंग कव्हरवर ॲल्युमिनियमचा चकचकीत ठोकळा, त्यातून निघालेल्या स्टीलच्या जाळीच्या दोन नळ्या आणि फ्रेमला लटकवलेला काळा डबा. दिसायला झकास. फेल्ट कुठंय विचारलं, तर "काढून टाकला. दोन-दोन फिल्टर झाले की तेल अडतं." तेही पटलं.

सांगलीला आल्यावर डब्याला सहज हात लावला. दोनशेहून जास्त किलोमीटर चालवून आलो होतो, इंजिनला बोट लावायची सोय नव्हती आणि डबा गार. फोन केला. तो हसला. "तोच तर फायदा आहे दादा! तेल थंड राहतंय." मी हे दोन मित्रांना कौतुकानं सांगितलंसुद्धा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे इथे कबूल करताना लाज वाटते.

अकराशे किलोमीटर झाले असतील. रत्नागिरीहून परत येत होतो, आंबा घाटात चढावर खालून ठोके ऐकू यायला लागले. टॅपेटची टिकटिक नव्हे. जड, खोल, एक्सलेटर दिला की वाढणारी. गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रीमामांकडे नेली.

मामांनी इंजिनला हातच लावला नाही. आधी तो डबा फिरवून काढला. मी खाली फडकं धरलं होतं, तेल सांडेल म्हणून. एक थेंब पडला नाही. आत हात फिरवून मामांनी बोटं दाखवली, कोरडी. मग एका नळीचं डब्याकडचं टोक सोडवून माझ्या हातात दिलं. "मास्तर, मारा फुंकर." गाल फुगले, हवा काही गेली नाही. ठोकळ्यात नळ्यांसाठी आटे पाडलेले होते, पण आरपार भोकच नव्हतं.

"ह्यात तेल कवाच गेलं न्हाई वो. आन् होता तो फेल्ट बी काढला."

म्हणजे अकराशे किलोमीटर तेल काहीही न गाळता थेट बिगएंडला. बिगएंडमधला बुश उघडल्यावर त्यावर नखाला लागतील असे चरे. फेल्ट असता तर वाचलाच असता असं मामा म्हणाले नाहीत, पण "निम्मी कचकच तरी थांबली असती" एवढं म्हणाले. क्रँक पुन्हा उघडणं, नवा बुश, सेंटर काढणं म्हणजे क्रँक पुन्हा सरळ रेषेत आणणं, यात आणखी चौदा हजार गेले.

आता मागे वळून पाहिलं की दिसतं, चोरी तर उघड्यावरच होती. ज्या डब्यातून गरम तेल फिरतं तो गार राहूच शकत नाही. आणि रिकामा डबा पहिल्यांदा भरला की इंजिनमधल्या तेलाची पातळी तेवढी उतरायला हवी, वरून टाकावं लागायला हवं. माझी पातळी जशीच्या तशी होती आणि मी त्याचंही समाधान मानलं. बाहेरचा फिल्टर मुळातच थोतांड आहे असं नाही. नीट बसवलेले असतात. पण तेल नेमकं कुठून काढलं आणि कुठे सोडलं हे बसवणाऱ्यानं कागदावर रेघा मारून दाखवलं पाहिजे. बिगएंडच्या वाटेत कागदी फिल्टर घालायचा तर थंडीत घट्ट झालेलं 20डब्ल्यू50 ग्रेडचं तेल त्यातून वेळेत जाईल का, हे विचारा. या प्रश्नावर जो चिडतो त्याच्या हाती गाडी देऊ नका. गाडी परत घेताना इंजिन चालू ठेवून रॉकर कव्हर काढायला लावा, वर तेल येताना डोळ्यांना दिसतं. आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. फेल्ट हातात असता तर मी निदान तो परत तरी बसवला असता.

गॅरेजवाला आधी म्हणाला, "तुम्हीच तेल वेळेवर बदललं नसेल." नंतर नंबर ब्लॉक. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती बिल. माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि ठोकळ्याचे फोटो एवढंच. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, त्यामुळे तिकडेही अर्ज करणार आहे. वेळ जाईल, जाऊ दे.

मामांनी नवा फेल्ट बसवला, त्याला शंभराची नोटही पुरून उरली. ड्रेन प्लग चुंबकाचा लावला आणि पाचशे किलोमीटरला तेल बदललं. प्लगवर करड्या मिशीसारखी कणी चिकटून आली. तो काळा डबा मी शाळेच्या कपाटात ठेवलाय. उष्णतेच्या वहनाचा धडा आला की बाहेर काढतो.