टेंट वॉटरप्रूफ करून देतो म्हणणाऱ्याने आम्हाला कसं फसवलं

पावसाळ्याआधी टेंट कोटिंगला देणार असाल तर हे वाचा आधी.

माझा टेंट सहा वर्षं जुना, आतून चिकट झालेला आणि पापुद्रे निघायला लागले होते. ओलसर घडी घालून माळ्यावर टाकला की पीयू कोटिंगचं, म्हणजे कापडाला आतून दिलेल्या पॉलियुरेथेनच्या थराचं, असंच होतं. एका ट्रेकिंग ग्रुपवर मेसेज दिसला, कुठलाही टेंट ५००० एमएम वॉटरप्रूफ, २ वर्षं गॅरंटी, १८०० रुपये पण सगळे आधी. मेसेजवाला पुण्यात घरी येऊन टेंट घेऊन गेला, चार दिवसांनी आणून दिला, आणि देताना बाटलीने पाणी ओतून दाखवलं. पाणी मोत्यांसारखं घरंगळत होतं, आम्ही खुश.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो, मी, बायको आणि ८ वर्षांची लेक. रात्री दीडला पाऊस सुरू झाला आणि वीसेक मिनिटांत डोक्यावरच्या शिलाईतून धार, मग खालून पण पाणी, स्लीपिंग बॅग भिजून जड झाल्या. लेक थंडीने थरथर कापत होती, तिचे ओठ बघून माझी पाचावर धारण बसली. वाडीतल्या एका मावशींनी पडवीत घेतलं, चूल पेटवून दिली म्हणून निभावलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

त्या कोटिंगवाल्याला फोन केला तर म्हणे तुमच्याच श्वासाची वाफ साचली असेल. अहो वाफ साचली तर सगळ्या कापडावर आतून दव धरतं, आमच्याकडे थेंब बरोब्बर शिलाईच्या रेषेतच होते! मग नंबर ब्लॉक.

नंतर टेंट रिपेअर करणाऱ्या एकाने बघून सांगितलं की वरून नुसता सिलिकॉनचा चकाकीचा स्प्रे मारलाय. पाणी घरंगळणं म्हणजे वॉटरप्रूफ नाही, पाणी अडवतं ते आतलं कोटिंग, आणि ५००० एमएम म्हणजे कापडावर ५ मीटर उंच पाण्याचा दाब दिला तरी आत झिरपत नाही, ते स्प्रेने येत नसतं. शिलाईला सुईची भोकं असतात, ती सीम सीलरने (शिलाईवर लावायचं चिकट द्रावण) नाहीतर टेपने बंद करावी लागतात, त्याला याने हातही लावला नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिलिकॉन बसलेल्या कापडावर पीयूचं सीलर धरत नाही, म्हणजे नीट रिपेअरची वाटही त्याने बंद केली.

कुणाला काम देणार असाल तर जुनं कोटिंग काढणार का आणि कुठलं सीलर वापरणार ते विचारा, डबा बघा. टेंट हातात आल्यावर गच्चीवर लावून पाईपने शिलाईवर पंधरा मिनिटं पाणी सोडा, आतून टिश्यू फिरवा, आणि तोपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

आमच्या टेंटच्या दोन शिलाया स्पिरिटने पुसपुसून सील केल्यात, एक टिकली, दुसरी परवाच्या पावसात पुन्हा गळली.