मृत्युपत्र नोंदणीची सरकारी सेवा: शंभर रुपयांत काय मिळतं, काय नाही

दुय्यम निबंधक कार्यालयातली मृत्युपत्र नोंदणी स्वस्त आणि भक्कम आहे, पण अर्धीच पुरते. मुद्रांक शुल्क शून्य, नोंदणी फी 100 रुपये, वर पानामागे हाताळणी शुल्क वेगळं. नोंदणी ऐच्छिक आहे, कधीही करता येते, आणि मिळकतीच्या तालुक्याचंही बंधन नाही. रावेरची केळीची जमीन असलेल्याने जळगावात नोंदवलं तरी चालतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट गुप्तता. मृत्युपत्र पुस्तक क्रमांक 3 मध्ये, म्हणजे कार्यालयाच्या मृत्युपत्रांसाठीच्या वेगळ्या नोंदवहीत जातं. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, मुलांनाही नाही. मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कुणालाही. भाऊबंदकीच्या गावात ही सोय फार मोठी आहे.

कमी पडतं ते इथे: कार्यालय माणूस, फोटो आणि अंगठा तपासतं, मजकूर नाही. ओळख पटवण्यासाठी केलेली सही आपोआप मृत्युपत्राची साक्षही ठरत नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे दोन साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा त्याने त्यांच्यासमोर सही कबूल केलेली असावी, आणि मग करणाऱ्याच्या समक्ष आपापल्या सह्या कराव्यात. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि गावातच राहणारे निवडा, कारण वाद झाला तर किमान एकाला कोर्टात साक्ष द्यावी लागते. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

नोंदलेलं मृत्युपत्र पक्कं, आता हात लावायची गरज नाही, ही समजूत सगळ्यात महागात पडते. नंतरचं साध्या कागदावरचं, पण रीतसर साक्षीचं मृत्युपत्र आधीच्या नोंदलेल्यावर मात करतं. जुन्यावर पेनाने खाडाखोड करून बाजूला सही केली, तर साक्षीदारांच्या सह्यांशिवाय तो बदल ग्राह्य नाही. किरकोळ बदलाला पुरवणी मृत्युपत्र चालतं, मात्र दोनहून जास्त पुरवण्या झाल्या की वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. तेव्हा नवंच करा, आणि त्यात जुन्याचा दस्त क्रमांक व तारीख लिहून ते रद्द केल्याचं स्पष्ट नमूद करा. कार्यालय हे आपणहून जोडून देत नाही.

पीककर्जासाठी दरवर्षी सातबारा आणि आठ-अ काढता, तेव्हाच मृत्युपत्र शेजारी ठेवून ताडून पाहा. गटाचे पोटहिस्से पडले का? एखादा तुकडा बिनशेती झाला का? महामार्गाच्या चौपदरीकरणात काही गेलं का? विकलेल्या जमिनीचं मृत्युपत्रातलं दान निष्फळ ठरतं आणि मोबदल्याची रक्कम कुणाला, हे लिहिलेलं नसतं. बागायतात तर गट नंबर आणि क्षेत्र पुरत नाही. सामाईक विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, मोटारीची वीजजोडणी, शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता, विकास सोसायटीचे शेअर्स आणि जमिनीवरचा बोजा हे नावानिशी लिहा. भावाभावांची भांडणं एकरांपेक्षा पाण्यावरून जास्त पेटतात.

वडिलोपार्जित जमिनीत आपला हिस्सा तेवढाच देता येतो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीही सहदायाद, म्हणजे मुलांसारख्याच जन्मतः हिस्सेदार झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते पक्कं केलं. ‘सगळी शेती दोन्ही मुलांना’ असं जुनं वाक्य त्यामुळे मुलींच्या हिश्शावर चालणार नाही. नंदुरबार, शहादा, धडगाव भागातल्या आदिवासी कुटुंबांनी आणखी सावध राहावं: 1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, म्हणून मसुदा स्थानिक रूढी जाणणाऱ्या वकिलाकडूनच तपासून घ्या.

बँक खाती मृत्युपत्राशी जुळवणंही तितकंच गरजेचं. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी पैसे स्वीकारतो, म्हणून तो मालक होत नाही. दोन्हीकडे वेगळी नावं असतील तर वारसांत कटुता ठरलेली.

दुसरा पर्याय म्हणजे सह जिल्हा निबंधकांकडे सीलबंद पाकिटात मृत्युपत्र ठेवणं. गुप्तता त्यात आणखी जास्त, पण दर बदलाला पाकीट परत काढून पुन्हा ठेवावं लागतं. शेती वाढती, कुटुंब वाढतं असेल तर साधी नोंदणीच बरी. नक्कल कुठे ठेवली, हे मात्र घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.