डोकुविकी, ११ महिन्यांनंतर: २६ खुणांचं भांडण

रविवारी रात्री साडेदहाला फोन. आमच्या प्रकल्पाला मदत करणाऱ्या सांगलीकडच्या एका ग्रंथपाल बाई. आमची माहितीची पानं डोकुविकीवर आहेत; ब्राउझरमध्येच सगळ्यांनी मिळून पानं लिहायची अशी विकी साइट चालवणारं हे सॉफ्टवेअर. “सर, तासभर बसून पान लिहिलं, सेव्ह केलं आणि गायब झालं.” पडद्यावर लाल पट्टी, फाइल लिहिता आली नाही म्हणून, आणि खाली निवांतपणे ‘हे पान अस्तित्वात नाही’. ब्राउझरचं बॅक बटण दाबल्यावर मजकूर परत आला म्हणून बरं, नाहीतर बाई प्रकल्पातून गेल्याच होत्या.

आमचा प्रकल्प छोटा. गावच्या वाचनालयातली पुस्तकांची देवघेव नोंदवणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, लिहिणारे चौघं, वापरणारे बहुतेक मराठीतच काम करणारे. माहिती आधी गिटहबच्या (सॉफ्टवेअरचा कोड ठेवायची साइट) विकीवर होती. पण तिथला नियमच असा की, किमान ५०० तारे (लोकांनी प्रकल्पाला दिलेली पसंती) आणि बाहेरच्यांना संपादन बंद, तरच सर्च इंजिनं ते विकी वाचणार. आमचे तारे ३१. ग्रंथपाल गूगलवर शोधणार आणि आम्ही कुठेच नाही. मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ते) बघितलं, पण त्याला डेटाबेस लागतो. माझ्या स्वस्तातल्या होस्टिंगवर एकच मिळतो आणि तो आमच्या सॉफ्टवेअरच्या डेमोने अडवलेला. दुसऱ्यासाठी वरची योजना घ्या म्हणे. खिसा माझा, त्यामुळे विषय संपला. डोकुविकी २००४ पासून चालत आलंय, डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल. चढवलं, इन्स्टॉलची फाइल पुसली, झालं.

आता त्या गायब पानाबद्दल. बाईंनी नाव दिलं होतं ‘उशिरा परत आलेल्या पुस्तकांचा दंड कसा माफ करावा’. डोकुविकी पानाचं नावच फाइलला देतं, पण मूळ सेटिंगमध्ये देवनागरी जशीच्या तशी ठेवत नाही. प्रत्येक खुणेचे ३ बाइट, आणि प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या चिन्हासकट तीन वर्णांचं रूप. म्हणजे एका खुणेला ९ वर्ण. आणि खूण म्हणजे नुसतं अक्षर नव्हे: काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. बाईंच्या नावात अशा ३९ खुणा. गुणिले ९, वर शब्दांमधल्या ७ अधोरेषा: ३५८. लिनक्सवर फाइलच्या नावाला जागा २५५ ची. इंग्रजीत हेच नाव लोळत बसलं असतं.

मग मी वहीच काढली. जुन्या आवृत्त्या ‘अ‍ॅटिक’ नावाच्या फोल्डरात जातात (पोटमाळाच म्हणा), आणि तिथे नावामागे वेळेचा आकडा आणि शेपूट मिळून आणखी १८ वर्ण चिकटतात. त्यामुळे सलग देवनागरी नावाला खरी हद्द २६ खुणांची. २७ झाल्या तर पान बसतं, पण त्याचा इतिहास माळ्यावर चढत नाही. हा प्रकार मला जास्त डाचला. मीडियाविकीतही मर्यादा २५५ बाइटचीच आहे, पण तिथे एका खुणेचे ३ बाइट, म्हणजे ८५ खुणा. बाईंचं नाव आरामात मावलं असतं.

उपाय आहे. ‘एफएनएनकोड’ नावाचं सेटिंग ‘यूटीएफ-८’ करा, नावं देवनागरीतच राहतात. इथपर्यंत हा अनुभव मी चार महिन्यांपूर्वीच लिहून ठेवला होता आणि शेवटी जाडजूड सल्ला होता: पहिल्याच दिवशी हे सेटिंग बदला.

तो सल्ला खोडतोय. मे महिन्यात होस्टिंगवाल्यांचं आणि माझं वाजलं. साइट तीन दिवस बंद, प्रत्येक तक्रारीला तेच छापील उत्तर. शेवटी सगळं झिप करून घरच्या विंडोजवर उतरवलं आणि दुसरीकडे चढवलं. आमच्या डाउनलोड विभागातल्या मराठी नावांच्या पीडीएफ? नावांच्या जागी चौकोन आणि कचरा. एकेक उघडून, ओळखून, पुन्हा नावं दिली. विकीचं मात्र एक पान हललं नाही, कारण टक्क्यांची ती कुरूप माळ निव्वळ इंग्रजी वर्णांची. कुठलंही झिप तिला बिघडवू शकत नाही. खाती आणि परवानग्याही टेक्स्ट फाइलमध्येच, त्यामुळे लोकांचे पासवर्डही तसेच चालले. मी ते सेटिंग बदलायचं म्हणत आळस केला होता. आळसाने वाचवलं.

नव्या ठिकाणी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे, तिथे अपाचे या दुसऱ्या सर्व्हरची, फोल्डरांना कुलूप लावणारी फाइल ‘एचटीअ‍ॅक्सेस’ चालत नाही, म्हणजे डेटा फोल्डर जगाला खुला. हे कळलं कसं? अ‍ॅडमिनचं पान डेटा फोल्डरातलं एक चित्र उघडून बघतं. ते दिसलं तर त्या चित्रातच इशारा लिहिलेला असतो. त्या फाइलचं नावच ‘लॉगमध्ये हे दिसलं तर घाबरू नका, परवानग्या बरोबर आहेत’ अशा अर्थाचं, ऐंशीच्या वर वर्णांचं. इंग्रजीची चैन बघा.

बाकी किरकोळ. शोध विभक्तीपुढे हात टेकतो. ‘सूचना’ शोधलं तर ‘सूचनेत’ सापडत नाही, ‘सूच*’ असं लिहावं लागतं. यादीच्या ओळीआधी दोन स्पेस द्यायला सगळेच विसरतात. कुणी पान संपादनाला उघडून जेवायला गेलं की ते १५ मिनिटं कुलूपबंद. नवी आवृत्ती जुन्यावर पसरली की झालं, मात्र नको झालेल्या फाइलींची यादी बघून त्या पुसायच्या.

नावांचा तोडगा आता असा: दुव्यात आधी छोटं नाव, मग उभी रेघ, मग हवं तेवढं लांब वाक्य. बाईंचं पान आता ‘दंड_माफी’ आहे, आणि ‘यूजहेडिंग’ चालू केल्यामुळे वाचणाऱ्याला पूर्ण मथळाच दिसतो. परवा त्यांचा मेसेज आला: “सर, ‘वर्गणीदारांचा_अनामत_परतावा’ बसेल का? माझ्या मोजणीने २४.”

मीही मोजलं. २४च. बसतं.