ह्युमन राइट्सचं प्रोफेसर व्हायचं की ह्युमन राइट्सची वकिली करायची?

एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) संपत आलं की ह्युमन राइट्स घेतलेल्या पोरांना हा प्रश्न पडतोच, आणि बहुतेक जण पगार बघून ठरवतात. पगार बघाच, पण आधी सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं बघा. फुलटाइम पगारी नोकरी धरली की प्रॅक्टिस बंद, सनद सस्पेंड करून ठेवावी लागते. म्हणजे वर्गात कोठडीतल्या मारहाणीवर तासभर जीव तोडून शिकवाल, पण कोणाची आई पोराला सोडवा म्हणत दारात आली तर वकीलपत्र दुसऱ्याच्या नावावर. ज्याला हे सहन होणार नाही त्याने फुलटाइमच्या वाटेला जाऊच नये, माझं स्पष्ट मत आहे.

आता पैसे. पर्मनंट असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं बेसिक 57,700, वर डीए (महागाई भत्ता) वगैरे. ऐकायला मस्त वाटतं, पण आधी नेट नाहीतर सेट ही पात्रता परीक्षा, मग जाहिरातीची वाट, आणि आपल्याकडे ती वाट बघता बघता कितीतरी चांगली माणसं वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतायत, तास नाही तर पैसे नाहीत. वकिलीतही सुरुवातीला सिनिअर देईल तेच, आणि या कामातले पक्षकार बहुतेक गरीबच असतात, त्यामुळे घर चालवायला बाकीची मॅटर्स घ्यावीच लागतात. थोडक्यात सुरुवातीची ओढाताण दोन्हीकडे आहे.

शिवाय प्रोफेसर झालात म्हणजे फक्त ह्युमन राइट्सच शिकवाल असं नाही, कॉन्ट्रॅक्टपासून जो पेपर वाट्याला येईल तो घ्यायचा. नेटला मानवाधिकार हा वेगळा विषय आहे, पण लॉ कॉलेजात जायचं तर नेट लॉमधूनच काढा.

मग कामाचा उपयोग कुठे जास्त? वकिलाचं लगेच दिसतं. अटक केल्यापासून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर आणलं का, अरेस्ट मेमोवर (अटकेच्या नोंदीचा कागद) वेळ टाकलीय का, साक्षीदाराची सही आहे का, हे रिमांडच्या (कोठडी द्यायची का हे ठरण्याच्या) वेळी कोर्टाच्या नजरेला आणून दिलं तर त्याच दिवशी एका माणसाला फरक पडतो. प्रोफेसरचं काम दिसायला वर्षं जातात, पण दिसतं तेव्हा केवढं! मथुरा केस घ्या. 1972, देसाईगंज पोलीस ठाणे, पोलिसांवर मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने 1978 ला सोडलं, अंगावर जखमा नाहीत हे एक कारण देऊन. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी 1979 ला सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यातल्या धागमवार आपल्या पुण्याच्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या. मथुराचा निकाल बदलला नाही, पण 1983 ला कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. हे एका पत्राने सुरू झालं, तेही निकालाची ओळ न ओळ वाचून लिहिलेल्या.

मला विचाराल तर आधी काही वर्षं कोर्टात काढा आणि मग शिकवायला या, रिमांड कधी न बघितलेला माणूस संविधानाचं कलम 22 (अटकेतल्या माणसाचे हक्क) शिकवतो तेव्हा त्याने रिमांड बघितलेला नाही हे पोरांच्या लगेच लक्षात येतं. दोन्ही हवं असेल तर वकिलांनी शिकवण्याबाबतच्या 1979 च्या नियमांप्रमाणे वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, सकाळची बॅच घेऊन अकराला कोर्टात. नेट मात्र आत्ताच काढून ठेवा, जेआरएफला (नेटमधूनच मिळणारी संशोधनाची फेलोशिप) ओपनसाठी वयाची अट 30 आहे आणि प्रॅक्टिस चालू झाली की अभ्यासाला बसणं होत नाही.