लांबच्या पवनचक्कीसाठी तार: तांबं, ॲल्युमिनियम की जास्त व्होल्टेज?

इंदूरजवळ महू, सिमरोल किंवा देवास रस्त्याला ज्यांचं शेत आहे, त्यांना घरगुती पवनचक्की घराला लागून सहसा बसवता येत नाही. घराभोवती आंबा-कडुनिंब असतात, आणि पाती आजूबाजूच्या झाडांहून दहाएक मीटर वर नसतील तर वारा सलग मिळत नाही. म्हणून टॉवर जातो शेताच्या उघड्या कडेला, आणि तिथून बॅटरीपर्यंत १०० मीटर तार ओढावी लागते. बहुतेक जण इथे थेट महाराणी रोडवर, म्हणजे इंदूरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन तांब्याचा भाव विचारतात. माझ्या मते आधी व्होल्टेज ठरवावं, मग तार.

१ किलोवॅटची चक्की धरू. १० स्क्वेअर एमएम (हे तारेच्या कापाचं क्षेत्रफळ; बाजारात नुसतं ‘१० स्क्वेअर’ म्हणतात) तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन २०० मीटरमध्ये साधारण ०.३७ ओहम रोध येतो. ४८ व्होल्टला २१ अँपिअर वाहतात, म्हणजे तारेतच साडेसात व्होल्ट पडतात आणि १६० वॅटची नुसती उष्णता होते. तीच चक्की २४ व्होल्टची असेल तर ४२ अँपिअर आणि १५ व्होल्टची घट. बॅटरीला २४ मिळायला टॉवरवर ३९ तयार व्हायला हवेत. व्होल्टेज दुप्पट केलं की तोटा चौथाईवर येतो, म्हणून या अंतरावर २४ व्होल्टचा विचारच सोडा. देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवरच्या मोठ्या चक्क्याही वीज ट्रान्सफॉर्मरने चढवूनच लांब पाठवतात.

आता तांबं की ॲल्युमिनियम? १० स्क्वेअरच्या तांब्याचं काम १६ स्क्वेअरचं ॲल्युमिनियम करतं. २०० मीटरला तांबं जवळजवळ १८ किलो लागतं, ॲल्युमिनियम नऊच्या आत, आणि किलोचा भावही तांब्यापेक्षा बराच कमी. वाचलेल्या पैशांत २५ स्क्वेअर घेतलं तर घट ५ व्होल्टवर येते, ३५ स्क्वेअरला साडेतीन-पावणेचारवर. जमिनीखालच्या लांब पल्ल्याला मी डोळे मिटून ॲल्युमिनियम आर्मर्ड (वर पोलादी चिलखत असलेली) केबल घेईन. तिचा खरा त्रास टोकांना असतो. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. तांब्याच्या टर्मिनलला ती थेट पिळली तर सांधा तापतो, मग जळतो. बायमेटॅलिक लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं टोक), ऑक्साइड रोखणारी पेस्ट, दाबयंत्राने घट्ट क्रिंपिंग म्हणजे लग तारेवर दाबून बसवणं आणि पावसाळ्याआधी एकदा नट तपासणं, एवढं करणार नसाल तर मुकाट्याने तांबं घ्या. टॉवरच्या आतून खाली येणारा तुकडा मात्र तांब्याचाच हवा, तोही बारीक तारांचा, वेल्डिंग केबलसारखा. चक्की वाऱ्याकडे वळते तेव्हा तो पिळला जातो, आणि ॲल्युमिनियम अशा पिळाने तुटतं.

हे सगळे आकडे चक्की पूर्ण जोरात असतानाचे आहेत. तोटा करंटच्या वर्गाने बदलतो. करंट निम्मा झाला की तोटा चौथा हिस्सा. माळव्यात खरा वारा जून ते ऑगस्टमध्ये, एरवी चक्की बरेचदा पाव ताकदीवर रेंगाळते. त्यामुळे पूर्ण भाराला ७–१० टक्के घट चालवून घ्यायला हरकत नाही. २ टक्क्यांसाठी हट्ट धरून जाडजूड केबल घेण्यापेक्षा तेच पैसे टॉवर उंच करण्यात घाला.

तिसरा मार्ग चक्कीच जास्त व्होल्टेजची घेण्याचा. २३० व्होल्टला करंट सव्वाचार अँपिअरच्या आसपास; ४ स्क्वेअर तांब्यात घट जेमतेम ४ व्होल्ट. तारेचा खर्च कोसळतो. पण घरी तसा कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारं यंत्र) लागतो, आणि भार सुटला की चक्की बेफाम होऊन व्होल्टेज आणखी चढतं. शेतात मुलंबाळं, गुरं फिरत असतील तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. बॅटरी आणि इन्व्हर्टरच टॉवरखाली ठेवून २३० व्होल्ट एसी घरी आणण्याची युक्तीही चांगली आहे, पण रात्री शेतावर राहणारं कुणी नसेल तर बॅटरी चोरीला जाण्याची तयारी ठेवा.

चक्कीतून वीज सहसा तीन फेजची एसी म्हणून तीन तारांतून निघते. त्या तिन्ही घरापर्यंत आणायच्या, की टॉवरखालीच रेक्टिफायर (एसीची डीसी करणारं यंत्र) बसवून दोन? एकाच जाडीच्या तारांत दोन्हीकडे तोटा जवळपास सारखाच, म्हणजे तिसरी तार जादा. मी दोनच आणेन. ब्रेकचा स्विच (चक्कीच्या तारा एकमेकींना जोडून, म्हणजे शॉर्ट करून, तिला थांबवणारा) मात्र रेक्टिफायरच्या आधी, चक्कीच्या बाजूला, टॉवरच्या पायथ्याशीच हवा. लांब तारेच्या टोकाला शॉर्ट केलं तर मधला रोध ब्रेक ढिला करतो, आणि वादळात ते परवडत नाही.

सबमर्सिबल पंपाची उरलेली चपटी केबल वापरायचा मोह होतो. ती बहुधा अडीच ते सहा स्क्वेअरची असते, वर चिलखत नाही. ४८ व्होल्टला बाद. जास्त व्होल्टेजला पाइपातून टाकली तर चालेल.

आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. केबल पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि थोडी सैल टाका. घरगुती वायरचं बंडल ९० मीटरचं येतं, १०० मीटरला त्यात सांधा आलाच, म्हणून ड्रमवरून सलग कापून घ्या. ‘तांबं’ स्वस्तात मिळालं तर टोक खरवडून पाहा: आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.