१० स्टॉपचा एनडी फिल्टर : सोमेश्वरच्या धबधब्यावरून
नाशिकजवळच्या सोमेश्वरच्या धबधब्याचे पाणी लख्ख उन्हातही रेशमासारखे टिपता यावे म्हणून घेतलेला हा १० स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) प्रकाश सुमारे १,००० पटींनी कमी करतो, त्यामुळे १/६० सेकंदाचे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा वेळ) जवळपास १७ सेकंदांवर जाते. फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ अंधारच दिसत असल्याने चौकट आणि फोकस आधीच पक्के करावे लागतात. छायाचित्रांवर निळसर झाक येते. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, ती काढता येते, तरी या किमतीत ती खटकतेच. धबधब्यासाठी मात्र मला ६ स्टॉपचा फिल्टर अधिक उपयुक्त वाटला, कारण १७ सेकंदांत धारांचा पोत हरवून नुसते धुके उरते. नाशिकच्या रामकुंडावरची वर्दळ पुसट करण्यासाठी १० स्टॉपच हवा. गडदपणा कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल फिल्टर सोयीचा खरा, पण वाइड अँगल लेन्सवर तो आकाशात फुलीसारखा काळा डाग उमटवतो.