फ्लिपनोट स्टुडिओ आठ महिने वापरल्यावर: दोन रंग, एक मिनिट आवाज आणि एसडी कार्ड

फ्लिपनोट स्टुडिओ म्हणजे निन्टेन्डोच्या डीएसआय या हातात धरायच्या गेम कन्सोलवर, स्टायलसने (प्लास्टिकच्या पेनने) एकेक पान काढून अॅनिमेशन करायचं अॅप. सगळ्यात आधी चार्जरचं. नवी मुंबईत सेकंड हँड मिळणारे निन्टेन्डो डीएसआय बहुतेक परदेशातून कुणाच्या तरी बॅगेतून आलेले असतात, आणि सोबत तिथलाच चार्जर असतो. त्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तो भिंतीत लावू नका. अमेरिकन चार्जरवर इनपुट १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या २३० व्होल्टला तो जळतो आणि कधी जाताना कन्सोललाही धक्का देऊन जातो. नुसती पिन बदलणारा स्वस्तातला अॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे विकणारा सांगत नाही. युरोपातला २३० व्होल्टचा चार्जर चालतो. नाहीतर डीएसआयच्या पिनची यूएसबी केबल घ्या आणि मोबाइलच्या साध्या पाच व्होल्टच्या अॅडॉप्टरवर लावा. मूळ चार्जरचं आउटपुट ४.६ व्होल्ट, ९०० मिलिअँपिअर आहे, तेव्हा एवढ्याने काम भागतं. निन्टेन्डोच्याच पुढच्या कन्सोलचा, थ्रीडीएसचा, चार्जरही याच पिनचा असतो.

दुसरी गोष्ट अॅपची. फ्लिपनोट स्टुडिओ जपानमध्ये २४ डिसेंबर २००८ला आलं आणि अमेरिका-युरोपात ऑगस्ट २००९मध्ये. फुकट होतं. पण डीएसआयचं ऑनलाइन दुकान ३१ मार्च २०१७ला बंद झालं, म्हणून ज्या कन्सोलमध्ये अॅप आधीपासून आहे तोच घ्यायचा. भेटल्यावर कन्सोल चालू करून मेनूत चिन्ह दिसतंय का पाहा, उघडून एक रेघ काढून पाहा. आणि विकणाऱ्याला आधीच बजावा की ‘फॉरमॅट करून देतो’ हा चांगुलपणा नको. मोबाइल विकताना रिसेट करायची सवय लोकांना लागलेली असते. इथे सिस्टम मेमरी फॉरमॅट केली की डाउनलोड केलेली अॅप्सही जातात, आणि हातात उरतो तो कॅमेरा असलेला रिकामा डबा. जपानी कन्सोलवर हेच अॅप ‘उगोकु मेमोचो’ या नावाने असतं. सगळे मेनू जपानीत, भाषा बदलायची सोय नाही. चिन्हांवरून आठवड्याभरात सवय होते, पण लहान मुलांसाठी घेत असाल तर टाळा.

खालचा स्क्रीन दाबाने चालणारा आहे, मोबाइलसारखा बोटाच्या स्पर्शाने चालणारा नाही. त्यामुळे घेताना एकच चाचणी पुरते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. रेघ मध्ये तुटली किंवा एकाच जागी थरथरली तर तिथला थर झिजलेला आहे. पूर्ण रेघ सारख्याच अंतराने सरकलेली असेल तर घाबरू नका, सेटिंगमधलं टचस्क्रीन कॅलिब्रेशन केलं की ती जागेवर येते. जुना प्रोटेक्टर काढून टाकलेला बरा. पावसाळ्यात त्याच्याखाली दमट हवेचे फुगे धरतात, आणि फुग्यावर स्टायलस टेकवला की रेघ भलतीकडे जाते. जून ते सप्टेंबर कन्सोल डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवावा. एसडी कार्डाच्या पत्र्यांनाही त्याने बरं पडतं.

आता अॅपकडे. कागद २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. दोन लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर. प्रत्येक लेयरला एका पानात एकच रंग: काळा, लाल किंवा निळा. कागद पांढरा ठेवा किंवा काळा. काळा ठेवलात तर काळ्या रेघेच्या जागी पांढरी मिळते. म्हणजे एका पानात कागद धरून तीन रंग, बस. कोपऱ्यातल्या बेडकावर टॅप केलं की टूलचा मेनू उघडतो. मागची पानं फिकट दाखवणारी सोय आहे, आणि शेवटच्या पानावरून पुढे गेलं की नवं पान उघडतं. शिकायला यापेक्षा फारसं काही नाही. खरं शिकायचं असतं ते रंगाचं नियोजन.

उदाहरण म्हणून नवी मुंबईतल्या सीवूड्सचे फ्लेमिंगो घ्या, कारण इथला प्रत्येक जण कधी ना कधी तेच काढायला बसतो. गुलाबी रंग अॅपमध्ये नाहीच. तो लाल ठिपक्यांच्या नक्षीतून आणायचा: पांढऱ्या कागदावर एकाआड एक लाल ठिपका, की लांबून गुलाबी दिसतो. मग दुसरा लेयर चोचीच्या काळ्या टोकाला आणि बाह्यरेषेला द्यायचा की पाण्याच्या निळ्याला? दोन्ही मिळणार नाहीत. निळा निवडला तर पक्षी कागदी वाटतो. काळा निवडून पाणी चार-पाच आडव्या काळ्या रेघांनी दाखवलं, तर ओहोटीच्या चिखलाचा भास आपोआप येतो. ठाणे खाडीच्या काठाला ते जास्त साजेसं. चालणं काढताना लक्षात ठेवायचं ते पायाचं. मध्यावर जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे, म्हणून तो मागे वाकतो. हे चुकलं की फ्लेमिंगोऐवजी काठीवर चढलेला माणूस दिसतो. आठ चित्रांत एक चालीचं चक्र बसतं, पुढे पानं कॉपी-पेस्ट.

ठिपक्यांची नक्षी मात्र महाग पडते, आणि हे कळल्याशिवाय लांब अॅनिमेशन पूर्ण होत नाही. अॅपची मर्यादा ९९९ पानांची आहे, पण भरगच्च चित्रं असतील तर पानं संपायच्या आत मेमरी भरते. कारण साठवण्याच्या पद्धतीत आहे. फाइल प्रत्येक पान पूर्ण ठेवत नाही, मागच्या पानापेक्षा जे वेगळं तेवढंच ठेवते, आणि तेही आडव्या ओळीओळीने. रिकामी ओळ जवळपास फुकट. पूर्ण भरलेली सलग ओळसुद्धा स्वस्त, कारण तिला ‘उलट’ म्हणून नोंदवण्याची सोय आहे. पण एकाआड एक ठिपक्यांची ओळ बदलली की तिचे पूर्ण ३२ बाइट जातात. १९२ ओळींचा एक लेयर असा भरला की एका पानाला सुमारे सहा किलोबाइट, दोन्ही लेयर तसे असतील तर बारा.

यातून कामाचा नियम निघतो. नक्षी स्थिर गोष्टींवर वापरा, हलणाऱ्या गोष्टी सलग रंगात ठेवा. मागचं आभाळ ठिपक्यांचं असलं तरी ते पानागणिक बदलत नाही, म्हणून पहिल्या पानानंतर त्याला काही लागत नाही. फ्लेमिंगोचं ठिपक्यांचं अंग मात्र प्रत्येक पावलाला सरकतं आणि प्रत्येक वेळी पैसे मागतं. म्हणून पक्षी लहान ठेवावा, किंवा फक्त पंखावर नक्षी देऊन बाकी अंग बाह्यरेषेने काढावं. फोटोचंही तसंच. कन्सोलच्या कॅमेऱ्यातला फोटो पानावर आणता येतो, पण तो ठिपक्यांत रूपांतरित होऊन येतो. प्रत्येक पानाला नवा फोटो टाकून चलत्चित्र करायला गेलं की मेमरीचा बोजवारा उडतो. एक फोटो पार्श्वभूमीला, वर हाताने काढलेली हालचाल, हे छान जमतं.

वेग आठ आहेत: सेकंदाला ०.५, १, २, ४, ६, १२, २० आणि ३० पानं. प्रत्यक्षात उपयोगाचे दोनच, ६ आणि १२. बारावर ९९९ पानांचे ८३ सेकंद होतात, तीसवर फक्त ३३. तीसच्या मोहात पडून हात दुखवून घेऊ नका. बारावर ठेवून प्रत्येक चित्र दोन पानांना वापरलं तर श्रम सहाचे आणि जिथे झटका हवा तिथे एकेका पानाची मोकळीक. वरच्या हिशेबाने जसंच्या तसं कॉपी केलेलं पान मेमरीत नगण्य असतं, तेव्हा ही उधळपट्टी नाही.

आवाजाची बाजू सगळ्यात कमजोर, पण तिच्यातही हातखंडा होतो. पार्श्वसंगीत जास्तीत जास्त ६० सेकंद, शिवाय दोन-दोन सेकंदांचे तीन आवाज, जे हव्या त्या पानाला चिकटवता येतात. बारा पानांच्या वेगात ६० सेकंद म्हणजे ७२० पानं. पुढची २७९ मुकी. लांब गोष्ट असेल तर शेवट त्या तीन छोट्या आवाजांवर तोलायचा. रेकॉर्डिंग सेकंदाला ८,१९२ नमुन्यांचं आहे, त्यामुळे साधारण चार हजार हर्ट्झच्या वरचं काही उरतच नाही. ढोलाचा ठोका नीट येतो, ताशाची तडतड चिखल होते. बोलण्यात ‘स’ आणि ‘श’ सारखेच ऐकू येतात, संवाद असेल तर शब्द तसे निवडा. माइक बिजागरीजवळ आहे. वीतभर अंतरावरून बोला, पंखा बंद करा.

एक चूक मात्र जवळपास सगळे करतात. आधी संगीत रेकॉर्ड करतात आणि मग अॅनिमेशनचा वेग बदलतात. अॅप रेकॉर्डिंगच्या वेळचा वेग फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि त्या प्रमाणात आवाजही पळवतं. सहावरून बारावर गेलात की गाणं दुप्पट वेगाने, चिमणीच्या आवाजात. वेग कायम झाल्यावरच आवाज भरा. (मुलांना हा दोषच सगळ्यात आवडतो, तो भाग निराळा.)

वाटून घेण्याचं काय? अधिकृत सेवा, फ्लिपनोट हातेना, क्योटोच्या हातेना कंपनीसोबत चालायची. ती ३१ मे २०१३ला बंद झाली. चाहत्यांनी सुडोमेमो नावाची पर्यायी सेवा उभी केली आहे. तिच्यासाठी कन्सोलच्या वाय-फाय सेटिंगमध्ये थोडा बदल करावा लागतो. अडतं ते बहुधा घरच्या राउटरशी. डीएसआयला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं, आणि डब्ल्यूपीए२चा (वाय-फायच्या सुरक्षेचा एक प्रकार) पासवर्ड पहिल्या तीन कनेक्शनमध्ये भरताच येत नाही, त्यासाठी अॅडव्हान्स्ड सेटअपमधलं चार ते सहापैकी कनेक्शन घ्यावं लागतं. नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२वर आणा, किंवा फोनचा हॉटस्पॉट २.४वर ठेवा. दोन डीएसआय शेजारी-शेजारी असतील तर इंटरनेटशिवाय थेट पाठवता येतं. सोसायटीच्या जिन्यात बसून ते मजेशीर वाटतं, पण दुसरा डीएसआय शोधणं हीच अडचण.

एक चांगली गोष्ट: फाइलमध्ये मूळ कलाकाराचं आणि शेवटी बदल करणाऱ्याचं नाव वेगवेगळं राहतं. दुसऱ्याने पुढे काढलं तरी तुमचं नाव पुसलं जात नाही. बदल नको असेल तर लॉकची खूण करून द्या.

रोजच्या वापरात सगळा भार एसडी कार्डावर येतो. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालतं, त्याहून मोठं नाही. पण मोठं घेण्यात अर्थही नाही. संगीताचं पूर्ण मिनिट अडीच लाख बाइटच्या आत बसतं, तेव्हा दोन जीबीचं जुनं कार्ड वर्षानुवर्षं पुरेल. कन्सोलच्या आतल्या मेमरीत काही ठेवू नका, दर आठवड्याला कार्डाची प्रत कॉम्प्युटरवर घ्या. फोल्डरची रचना आणि फाइलची नावं बदलू नका. ‘गणपती अंतिम’ असं नाव दिलेली फाइल अॅपला ओळखू येत नाही.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर अॅपमधून जिफ काढता येतं, पण त्यात आवाज नसतो. शिवाय जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजली जाते, त्यामुळे बारा आणि तीस हे वेग थोडे घसरतात, वीस मात्र बरोबर बसतो. आवाजासकट हवं असेल तर कार्डावरची मूळ फाइल कॉम्प्युटरवर घेऊन चाहत्यांनी बनवलेल्या मोफत साधनांनी व्हिडिओ करा. करताना आकार नेमका चौपट, १०२४ गुणिले ७६८ ठेवा आणि मोठं करण्याची पद्धत ‘नियरेस्ट नेबर’ (ठिपक्यांच्या कडा पुसट न करणारी) निवडा. तसंच २५६चं पाठवलं तर व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये रंगाची माहिती अर्ध्यावर येते, लाल रेघा पसरतात आणि ठिपक्यांचा गुलाबी रंग मळकट होतो. चौपट केल्यावर एका ठिपक्याला सोळा ठिपके मिळतात, मग तेवढं नुकसान दिसत नाही.

थ्रीडीएसवरचं फ्लिपनोट स्टुडिओ थ्रीडी कागदावर सरस आहे: ३२० गुणिले २४०, तीन लेयर, पिवळा आणि हिरवाही. पण त्याचं ऑनलाइन दुकानही २७ मार्च २०२३ला बंद झालं, आणि डीएसआयवरचं जुनं अॅप तिकडे अधिकृतपणे हलवता येत नाही. आधीच अॅप असलेला थ्रीडीएस रास्त किमतीत मिळाला तर जरूर घ्या. मुद्दाम शोधत बसण्याइतका फरक नाही.

बॅटरी आता सगळ्यांचीच जुनी. साध्या डीएसआयची ८४० मिलिअँपिअर-तासांची, मोठ्या स्क्रीनच्या डीएसआय एक्सएलची १०५०. मागचं झाकण दोन स्क्रूंवर आहे, घेतानाच उघडून पाहा. बॅटरी जरा जरी फुगलेली असेल, झाकण बसताना अडत असेल, तर तिच्यावर चार्जिंग करू नका. एक्सएलची बॅटरी साध्या डीएसआयला बसत नाही, मागवताना मॉडेल सांगा. आणि दोन्हींत निवड असेल तर चित्रांसाठी एक्सएल घ्या. ठिपके तेवढेच, पण ४.२ इंचांच्या स्क्रीनवर एकेका ठिपक्यावर स्टायलस नेमका टेकतो, ३.२५ इंचांवर तो शेजारच्या ठिपक्यावर पडतो.